पोरांना ग्रामसभेत बसवू या

एप्रिल लागला, दुपारी अंगणात पाय ठेववत नाही. आज आम्हाला बोलायला सांगितलंय हवामान बदलाबद्दल, आणि त्यात तरुण पोरापोरींची जबाबदारी कोणती, याबद्दल.

हवामान बदल हा शब्द मोठा वाटतो, पण आपण तो वावरात रोजच पाहतो. मृगात पेरलं की पाऊस दडी मारतो. दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाणं घ्यायचं, पुन्हा उधारी. मग एका रात्रीत इतका कोसळतो की कपाशी पाण्याखाली. २०२२ च्या जुलैमध्ये हिंगणघाट, समुद्रपूरकडे पुरानं काय केलं ते आपल्या लक्षात आहे. असं का होतं? कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून निघालेला वायू पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसला आहे, त्यानं हवा तापते. तापलेली हवा जास्त वाफ धरून ठेवते, एक अंश उष्णता वाढली तर साधारण ७ टक्के जास्त. मग ती वाफ एकदम ओतली जाते, आणि मधले दिवस कोरडे जातात.

आता हे केलं कोणी? आपल्या गावातल्या पोट्ट्यांनी तर नाही. आपल्या देशातला माणूस सरासरी जेवढा हा वायू सोडतो, तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून "तुमच्या पिढीनं पृथ्वी वाचवायची आहे" असं शाळेच्या फलकावर लिहिलेलं पाहिलं की आम्हाला ते जरा अन्यायाचं वाटतं. गुन्हा एकाचा आणि दंड दुसऱ्याला.

हेच गाऱ्हाणं पोरांनी स्वतःही मांडलं आहे. स्वीडनमधली ग्रेटा थुनबर्ग १५ वर्षांची असताना, २०१८ मध्ये, शाळा सोडून संसदेबाहेर बसली. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तिच्यासह १६ मुलामुलींनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार केली. त्यात आपल्या देशातली उत्तराखंडची रिद्धिमा पांडेही होती. ही पोरगी ९ वर्षांची असताना हरित न्यायाधिकरणात गेली होती. २०२१ मध्ये समितीनं त्यांची तक्रार दाखल करून घेतली नाही. आधी आपापल्या देशातल्या न्यायालयांचं दार ठोठवा, असं सांगितलं. पोरं नाराज झाली असतील. पण आपलं जवळचं दार कोणतं, हा विचार आम्ही तेव्हापासून करतोय. आमच्या मते ते ग्रामपंचायतीचं दार आहे.

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात आर्वी तालुक्यात काकडदरा आहे. कोलाम आदिवासींचं लहानसं गाव, डोंगराळ, दगडगोट्यांची जमीन. २०१७ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत या गावानं भाग घेतला. ८ एप्रिल ते २२ मे, म्हणजे ऐन उन्हाळ्याचे ४५ दिवस श्रमदान. त्या वर्षी १३ जिल्ह्यांतल्या ३० तालुक्यांतली गावं स्पर्धेत होती, आणि पहिलं बक्षीस, ५० लाख रुपये, काकडदऱ्याला मिळालं. बक्षीस गेलं बाजूला. आम्हाला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की पावसाला शिव्या देत न बसता त्या लोकांनी उताराला आडवे चर खोदले, नाल्यात दगडांचे बांध रचले.

चराचा हिशेब पोरांना सांगून पाहा, त्यांना तो आवडतो. एक मिलिमीटर पाऊस एक एकरावर पडला तर ४,००० लिटर पाणी होतं. एका जोरदार पावसात ५० मिलिमीटर पडला, तर दोन लाख लिटर. १०,००० लिटरचे २० टँकर, एकाच एकरावर! ते धावत नाल्यात जातं आणि जाताना वरची काळी मातीही नेतं. चर मात्र समपातळीत खोदावा लागतो; एका टोकाला जरी उतार राहिला तर पाणी तिथे जमून चर फुटतो आणि खालचं वावर धुऊन नेतो. ही पातळी काढायला पारदर्शक नळी आणि दोन काठ्या पुरतात. दहावीतला पोरगा एका सकाळी शिकेल. शाळेतलं गणित इथे कामाला येतं. १९३७ साली वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत हेच तर मांडलं होतं, की पोरांनी हातानं काम करत शिकावं. त्यातून नई तालीम उभी राहिली.

आता घरातलं बोलू. पोरगा पुण्याला कंपनीत जातो म्हणतो. जाऊ दे, त्याला पोट आहे. पण जो गावात राहतो त्याला आपण काय म्हणतो? "याला काही जमलं नाही." असं म्हणत राहिलो तर चर खोदायला कोण उरणार? आणि पोरी? "लेक परक्याच्या घरची, तिला कशाला शिकवायचं" असं ऐकतोच आपण. अहो, इथे शिकलेली पातळी ती सासरी घेऊन जाते, तिथल्या वावराला ती लागू पडते. पोरीला कुदळ आणि मोजणी दोन्ही शिकवा.

दुसरी गोष्ट पऱ्हाटीची. वेचणी संपली की काडी पेटवून वावर मोकळं करतो. पेटवण्यामागे कारण आहे, हे आम्हाला ठाऊक आहे: २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं विदर्भाला रडवलं, आणि पऱ्हाटीत अळी दडून राहते. म्हणून फरदड घ्यायची नाही आणि पऱ्हाटी वेळेवर उपटायचीच. पण उपटणं वेगळं आणि जाळणं वेगळं. यंत्रानं बारीक करून शेणाबरोबर कुजवली तर तेच खत पुढच्या हंगामात वावरात जातं. यंत्र एकट्याला परवडत नाही. आमच्या गटात यावर भांडण झालं, अजून पुरतं मिटलेलं नाही, कारण वेचणीच्या धावपळीत यंत्र कोणाकडे आधी जाणार हा प्रश्न आहेच. चार पोरांनी भाड्याचं काम उभं केलं तर त्यांना रोजगार आणि आपल्याला खत.

यासाठी पैसा कुठून येईल, हे ठरतं ग्रामसभेत. गावाच्या मतदार यादीत ज्यांचं नाव आहे ते सगळे ग्रामसभेचे सभासद. म्हणजे घरात अठरा पूर्ण झालेली लेक किंवा लेक्या असेल आणि नाव नसेल, तर आधी नमुना ६ भरा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची, हा कायदाच आहे. १ मेची ग्रामसभा जवळ आली. महिला सभेत आपण तीन मागण्या कागदावर लिहू: गावाच्या उतारावर चर, पऱ्हाटी बारीक करायचं यंत्र, आणि शाळेच्या टिनाच्या छपराखाली बसणाऱ्या लेकरांसाठी सावलीची झाडं. कागद वाचायला पोरांपैकी एकाला उभं करा. पोट्टं अडखळलं तरी मध्ये बोलू नका. सरपंच विचारतील, "हे करणार कोण?" तेव्हा त्याच्या मागे दहा-पंधरा पोरंपोरी बसलेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणून त्यांना आजच सांगून ठेवा. सभेची वेळ ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल, ती बघून या.