माकुळाचें सोंग

कोंकणच्या किनाऱ्यावरील बाजारांत माकूळ हा प्राणी नवा नाहीं. नळीसारखें मऊ अंग, मोठाले डोळे, डोक्यापासून फुटलेले आठ हात व दोन लांब सोंडा, आणि पोटांत शाईची पिशवी, असें त्याचें रूप कोळणीच्या टोपलींत अनेक श्रोत्यांनीं पाहिलें असेल. परंतु कोंकणापासून हजारों मैल दूर, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूव्हर बेटाच्या भोंवतालच्या थंड पाण्यांत, या प्राण्याचें एक सोंग होडीमागून समुद्रांत सोडण्यांत येतें. तें मऊ प्लॅस्टिकचें असतें, त्याची लांबी बहुधा सव्वाचार इंचांच्या आसपास भरते आणि तेथील मच्छीमार त्याला ‘हूची’ म्हणतात. सॅमन माशाला फसवून गळास लावणें एवढेंच तिचें काम.

हूची प्रथम हातीं घेणाऱ्याची निराशाच होते. एक पोकळ टोपी आणि तिच्याखालीं लोंबणाऱ्या मऊ पट्ट्या, याखेरीज तींत कांहीं नाहीं. दोरीला बांधून नुसती ओढली तर ती चिंधीसारखी सरळ मागें येते. पोहत नाहीं, वळत नाहीं. असें असतां शहाणा मासा तिला भुलतो कसा?

याचें अर्धें उत्तर खऱ्या माकुळाच्या चालींत आहे. माकूळ भिऊन पळूं लागला म्हणजे अंगांत घेतलेलें पाणी एका नळीवाटे जोरानें बाहेर फेकतो आणि त्या धक्क्यानें उलटा, म्हणजे शेपटीकडून, पुढें जातो. हात मागें लोंबत राहतात. हूचीची टोपी पुढें आणि पट्ट्या मागें असतात, तेव्हां दिशा बरोबर साधते. उणीव राहते ती धक्क्याची. माकुळाची चाल आगगाडीसारखी संथ व एकसारखी नसते. एक झेप, क्षणभर विसांवा, पुन्हा झेप, अशी ती असते. ही झेप निर्जीव प्लॅस्टिकमध्यें आणण्याची जी युक्ति, तिलाच हूची बांधण्याची कला म्हणावें लागेल.

युक्तीचें मुख्य साधन फ्लॅशर. ही सुमारें अकरा इंच लांबीची, दोन्ही टोकांशीं किंचित् वांकविलेली चकचकीत पट्टी होय. होडी ताशीं दोन ते तीन सागरी मैल या वेगानें चालूं लागली म्हणजे ही पट्टी पाण्यांत गरगर फिरूं लागते. तिच्या पुढें फिरकीची कडी बसविलेली असते, म्हणून मुख्य दोरीला पीळ पडत नाहीं. तिच्या मागच्या टोंकाला नायलॉनची जाड दोरी आणि त्या दोरीच्या शेवटीं हूची. पट्टीचा प्रत्येक फेरा दोरीला एक हिसका देतो आणि हूची उडी घेते. शिवाय पट्टीच्या चमकेमुळें दूरच्या माशाला तेथें कोणी तरी शिकार करीत असल्याचा भास होतो.

आतां सारा प्रश्न राहतो त्या नायलॉनच्या दोरीच्या लांबीचा. दोरी आंखूड असली तर हिसका जसाच्या तसा पोंचतो आणि हूची चपळ दिसते. लांब असली तर तो वाटेंतच जिरतो आणि चाल मंद होते. कोहो जातीच्या सॅमनला चपळ चाल आवडते, म्हणून त्याच्यासाठीं बहुधा चोवीस ते बत्तीस इंच दोरी ठेवितात. चिनूक हा मोठा सॅमन असून त्याच्यासाठीं ती छत्तीस ते चव्वेचाळीस इंचांपर्यंत वाढवितात. या मापाविषयीं दोन नावाड्यांचें एकमत व्हावें अशी अपेक्षा मात्र कोणी करूं नये. दोरी जाड व ताठ असावी याविषयीं सहसा वाद नसतो, कारण पातळ दोरी हिसका गिळून टाकते. जाणता मच्छीमार मापावर सर्वस्वीं विसंबत नाहीं. हूची खोल सोडण्यापूर्वीं तो ती होडीच्या कडेला हातभर पाण्यांत धरून पाहतो, आणि ती मेल्यासारखी लोंबत असेल तर होडीचा वेग किंवा दोरीची लांबी बदलतो.

बांधणी वरून साधी दिसते. सुईनें टोपीच्या शेंड्याला बारीक भोंक पाडून दोरी आंत ओंवावयाची, मग दोन-चार मणी, मग गळ. मणी शोभेसाठीं नसतात. ते टोपीच्या आंत बसून गळाची जागा ठरवितात. गळाचा बांक पट्ट्यांच्या टोंकाशीं आला पाहिजे. तो पुढें राहिला तर मासा पट्ट्यांचा लचका तोडून निघून जातो. फार मागें लोंबला तर सोंग बिघडतें. एक मणी कमी-जास्त करून हें जमवावें लागतें. गळाची गांठ मारतांना दोरी त्याच्या नेढ्यांतून घेऊन दांडीभोंवतीं सात-आठ वेढे देतात, म्हणजे ओढ सरळ दांडीच्या रेषेंत लागते. गांठ आवळण्यापूर्वीं ती थुंकीनें ओली करावयाची. कोरडें नायलॉन घर्षणानें तापून दुबळें होतें. गळाचें टोंक अंगठ्याच्या नखावर टेंकवून पाहतात. घसरलें तर बोथट, अडलें तर धारदार.

रंगांच्या बाबतींत तेथील दुकानें म्हणजे बांगड्यांचीं दुकानेंच. त्यांतील थोडें शास्त्र एवढें कीं, पाण्यांत लाल रंग सर्वांत आधीं मावळतो आणि हिरवा-निळा खोलवर टिकतो. बरेच वांव खालीं जावयाचें असेल तेव्हां विजेरीच्या उजेडांत धरून मग अंधारांत चकाकणारी हूची लावितात. ती इतक्या खोल जाते ती शिशाच्या दहा-पंधरा पौंडी गोळ्यामुळें. गोळा तारेनें खालीं सोडलेला असतो आणि दोरी त्याला चिमट्यानें अडकविलेली असते. मासा लागतांच ती चिमट्यांतून सुटते.

येथवर सगळा खेळ माशाला धरण्याचा झाला. परंतु त्या समुद्रांत धरलेला प्रत्येक मासा घरीं नेतां येत नाहीं. थॉम्प्सन व स्कीना या नद्यांच्या वरच्या भागांतील कोहो फार घटल्यामुळें १९९८ सालीं कॅनडाच्या सरकारनें किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यांत कोहो धरण्यास बंदी केली. चिनूक हें दक्षिणेकडील ऑर्का देवमाशांचें मुख्य अन्न आहे. या देवमाशांना कॅनडानें २००३ सालीं आणि अमेरिकेनें २००५ सालीं संकटग्रस्त ठरविलें. गळ मात्र जात विचारीत नाहीं. ज्यासाठीं सोडला तो मासा न लागतां ज्याला हात लावूं नये तोच लागतो, आणि मग हूची कशी बांधली होती यावर त्या माशाचा जीव अवलंबून राहतो.

म्हणून तेथें सॅमनच्या गळाला उलटा काटा नसावा असा नियम आहे. कांहीं मच्छीमार या नियमावर नाराज असतात. काट्यावांचून मासा सुटतो, असें ते म्हणतात. दोरी ढिली सोडली तर तो सुटतो हें खरें, पण तो दोष हाताचा, गळाचा नव्हे. हूचीच्या मागें दुसरा गळ लोंबविण्याची हौसही महाग पडते, कारण तो माशाच्या डोळ्यांत किंवा कल्ल्यांत रुतूं शकतो. मण्यांनीं नेमक्या जागीं आणलेला एकच गळ बहुधा जबड्याच्या कोंपऱ्यांत बसतो आणि तेथून सहज निघतो.

मासा होडीजवळ आला म्हणजे ओळख पटवावयाची घाई होते. दांतांच्या मुळाशीं हिरड्या काळ्या असतील तर चिनूक; पांढुरक्या असतील आणि शेपटीच्या केवळ वरच्या पाकळीवर ठिपके असतील तर कोहो. कोहोच्या पाठीवर शेपटीजवळचा लहानसा मांसल पर शाबूत असेल तर तो बहुधा नदींत जन्मलेला. संवर्धन-केंद्रांत वाढविलेल्या पिल्लांचा तो पर ओळखीसाठीं कापतात, आणि परवानगीच्या जागीं व हंगामांत बहुधा तसाच कोहो ठेवतां येतो. हें सर्व मासा पाण्यांत असतांनाच पाहावयाचें. हातानें धरल्यास अंगावरचा चिकट थर निघतो. जाळ्यांत घेतल्यास खवले झडतात.

पर शाबूत दिसला कीं मच्छीमार वांकतो, लोखंडी आंकडी दोरीवरून घसरवीत गळाच्या बांकांत अडकवितो आणि वर उचलतो. माशाच्या स्वतःच्या वजनानें गळ निसटतो. क्षणभर मासा कडेला तसाच राहतो, मग शेपटीचा एक फटका मारून हिरव्या पाण्यांत खालीं जातो. मच्छीमार दोरीचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांमधून फिरवितो. दांतांनीं खरवडलेली जागा बोटाला लागते. तो ती कापतो, मणी मोजून पुन्हा ओंवतो, गांठ ओली करून आवळतो आणि हूची होडीच्या कडेला धरून तिची उडी पाहतो.