वजनाचा हिशेब



हवाई दलातला निवृत्त माणूस बोलायला उभा राहिला की आता उंच भरारीच्या गोष्टी ऐकाव्या लागणार, असं तुमच्या मनात आलं असेल. घाबरू नका. मी हेलिकॉप्टरचा वैमानिक. माझं निम्मं आयुष्य किलोंचा हिशेब करण्यात गेलं.

१३ एप्रिल १९८४ रोजी सियाचिनवर ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं. तिथल्या उंच चौक्यांची भिस्त अनेक वर्षं ‘चीता’ या छोट्या हेलिकॉप्टरवर राहिली. मूळचं हे फ्रेंच ‘लामा’. आपल्या सैन्याला हिमालयात चालेल असं यंत्र हवं होतं, म्हणून ते घडवलं गेलं. पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते आपल्याकडे बांधलं. १९७२मध्ये फ्रेंच वैमानिक झाँ बुले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेऊन विक्रम केला. त्यासाठी त्यांनी आधी काय केलं? नको ते सगळं सामान काढून टाकलं. वर इंजिन बंद पडलं, तरी वाऱ्यावर फिरणाऱ्या पात्यांच्या भरवशावर ते सुखरूप खाली आले.

वीस हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येते. पात्यांना धरायला हवाच पुरत नाही. खाली चार प्रवासी नेणारं यंत्र वर केरोसिनचे एक-दोन कॅन नेतं. इंधनसुद्धा जाऊन परत येण्यापुरतं आणि वर थोडं, एवढंच.

एका दिवाळीत बेस कॅम्पवर एका जवानाने माझ्या हातात पुडकं दिलं. वरच्या चौकीवर त्याचा गाववाला होता, त्याच्यासाठी घरचा फराळ. “साहेब, दोनच किलो आहे.” मी ते सीटमागे सरकवलं. वजनाच्या कागदावर लिहिलं नाही, शेजारी बसून उडवणाऱ्या कॅप्टनलाही सांगितलं नाही.

हेलिपॅड समोर आलं आणि वारा फिरला. रोटरचे फेरे उतरू लागले, यंत्र अंगाखालून खचू लागलं. कॅप्टनने नाक खाली घातलं आणि दरीकडे वळवलं. वेग आला, फेरे आले, आम्ही परतलो. उतरल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “वजन किती होतं?” मी खरं सांगितलं. ते म्हणाले, “दोन किलोंनी हेलिकॉप्टर पडत नाही. पण माझ्या हाताशी किती ताकद शिल्लक आहे, हे मला चुकीचं माहीत होतं.” दुसऱ्या दिवशी सकाळी एक कॅन कमी घेतला, फराळ कागदावर लिहिला आणि पोचवला.

निवृत्त होऊन पुण्यात आलो. पहिल्याच आठवड्यात बँकेतल्या मुलीने विचारलं, “काका, टोकन घेतलंत का?” त्यात तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी टोकन घेतलं, पण आतून धुमसत घरी आलो. बायको म्हणाली, “रँक अजून खाली ठेवली नाहीस वाटतं.”

आमच्या घरात काळ्या ट्रंका आहेत. फौजेतल्या प्रत्येक घरात असतात. बढती किंवा बदली झाली की जुनी रँक, जुनं स्टेशन काळ्या रंगाने पुसायचं आणि पांढऱ्याने नवं लिहायचं. त्या रविवारी मी रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बसलो. या खेपेला पुसलं, पण त्या जागी नवं काही लिहिलं नाही. आता ट्रंकेवर नुसतं नाव आहे आणि आत गोधड्या.

हल्ली संध्याकाळी नववीच्या मुलांना गणित शिकवतो. एकाने विचारलं, “काका, फायटर उडवलंत?” म्हटलं, “नाही रे.” “मग काय उडवलंत?” “केरोसिन.” त्याचा चेहरा पडला, पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला.

मुलांनो, आजच्या पदवीलाही वजन आहे. त्यात कुणाच्या वडिलांनी काढलेलं कर्ज असेल, कुणाच्या आईने मोडलेला दागिना असेल. ते ओझं टाकायचं नाही, पण कागदावर लिहायचं. शेजारी बसून उडणाऱ्या माणसापासून ते लपवू नका. बाकी जे मिरवण्यापुरतं आहे, ते खाली ठेवता येतं. मला जरा उशिरा जमलं.

आणि कधी वारा फिरलाच, तर दरीकडे वळायला लाजू नका. फराळ दुसऱ्या दिवशीही पोचतो.