माथ्याचा पंचनामा



स्वागताध्यक्षाने आपल्या गावाची थोरवी गावी आणि व्यवस्थेतील उणिवांबद्दल क्षमा मागावी, असा परिषदांचा शिरस्ता आहे. परंतु ज्या गावात भिंतीवरची पुराची रेघ दाखविल्याखेरीज यजमानास पाहुण्याला पाणी देववत नाही, त्या गावाची थोरवी कोठून आरंभावी, असा मला प्रश्न पडला आहे. २०१३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे स्वागत करणाऱ्या याच चिपळुणात, १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ च्या जुलैमध्ये शिरलेले पाणी २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा शिरले, आणि पिढ्यांनी जपलेल्या ग्रंथसंपदेचा चिखल झाला. त्या पुरानंतर माझ्या माजघरातला घोटाभर गाळ उपसताना हातास लागली ती माझ्या परसातली माती नव्हती. डोंगरमाथ्यावरच्या कोणा शेतकऱ्याची ती मिळकत होती, आणि खरेदीखताविना, फेरफाराविना ती माझ्या घरी येऊन पडली होती.

सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेल्या आमच्या वाशिष्ठी नदीला समुद्र फार जवळ आहे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस उभ्या उतारावरून माती घेऊन धावत येतो, आणि सखल भागात पोहोचताच खाडीच्या भरतीने त्याची वाट अडते. वेग मंदावतो तेथे गाळ बसतो, गाळ बसतो तेथे पात्र उथळ होते, आणि उथळ पात्रातले पाणी पुढच्या खेपेस बाजारपेठेत शिरते. ज्या गोवळकोटच्या बंदराला एके काळी गलबते लागत, तेथील खाडीने या गाळाची कहाणी आमच्या कितीतरी आधी ऐकली आहे.

त्यातच कृष्णेच्या खोऱ्यातले, कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहांतून व कोळकेवाडीच्या धरणातून वाशिष्ठीत उतरते. बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मुभा दिलेले ते पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी इतके आहे. तेव्हा आमच्या खोऱ्याचा नकाशा निसर्गाने आखलेल्या पाणलोटरेषेवरही थांबत नाही, मग तालुक्याच्या हद्दीवर आणि खात्याखात्यांच्या दफ्तरांत तो कसा मावावा?

२०२१ नंतर येथील नागरिकांनी आंदोलन केले, वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतला गाळ उपसला गेला, आणि ते आवश्यकच होते. तथापि पूर ओसरल्यावर पंचनामा होतो तो पायथ्याचा. माथ्याचा पंचनामा कोणी केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले बहुतांश जंगल खाजगी मालकीचे आहे. मुलीच्या लग्नासाठी वा दवाखान्याच्या खर्चासाठी धन्याने ते लाकडाच्या व्यापाऱ्यास दिले, म्हणजे पैसा त्याच्या हाती चार दिवस राहतो आणि उघडी पडलेली माती आमच्या दारी कायमची येते. झाड राखल्याचा लाभ पायथ्यास आणि ते न तोडल्याचा तोटा माथ्यास, असा हा विपरीत हिशेब आहे. तो जुळविल्यावाचून वृक्षारोपणाचे सोहळे व्यर्थ आहेत.

'पाणलोट' हा शब्द महाराष्ट्राने दुष्काळाच्या शाळेत गिरविला. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी पाणी अडवून जे वैभव निर्माण केले ते वंदनीय आहे. परंतु तेथील धडा येथे जसाच्या तसा घोकता येणार नाही. भिजून जड झालेल्या उभ्या डोंगरावर चर खणून पाणी मुरविणे म्हणजे दरडीस आमंत्रण देण्यासारखे ठरू शकते. तेथे यशाचे माप साठलेल्या पाण्याने घेतात. येथे ते खाली न आलेल्या मातीने घ्यावे लागेल. म्हणून माथ्यावरचे रान, मधल्या उतारांवरचे बांध, रस्त्यांसाठी कापलेले डोंगर, धरणाचा विसर्ग, शहरातली बांधकामे आणि खाडीचे मुख या सर्वांचा एकच आराखडा व एकच जमाखर्च असावा, आणि जंगल राखणाऱ्या खातेदारास पायथ्याच्या शहराने दरसाल मोबदला द्यावा, एवढी वाशिष्ठीच्या खोऱ्यातील गावोगावच्या प्रतिनिधींच्या या परिषदेपुढे माझी नम्र सूचना आहे.

आता शिरस्त्याप्रमाणे क्षमायाचना. या मंडपात पहिल्या रांगेची आसने आम्ही शहरातील प्रतिष्ठितांसाठी न ठेवता डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या मंडळींसाठी राखली आहेत. ज्यांना मागे बसावे लागले त्यांनी राग मानू नये. हा मान म्हणजे आमचे औदार्य नव्हे. फार दिवस तुंबलेल्या थकबाकीचा तो पहिला हप्ता आहे. तो स्वीकारून आपण सर्वांनी येथे मोकळेपणाने बोलावे, अशी प्रार्थना करून स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो.