असिसीचे संत फ्रान्सिस : त्यागातून उमललेली शांती



निसर्गप्रेम आणि शांती यांचे प्रतीक म्हणून ख्रिस्ती जगत ज्यांना वंदन करते, ते संत फ्रान्सिस मूळचे कापड व्यापाऱ्याचे चिरंजीव. इटलीतील असिसी गावी इ. स. ११८२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. वडील पिएत्रो बर्नार्दोने यांची पेढी भरभराटीची होती. उंची वस्त्रे आणि मित्रांच्या मैफली यांत रमलेला हा तरुण युद्धावर गेला, पेरूजा नगरीच्या कैदेत पडला आणि पुढे दीर्घ आजारातून विरक्तीकडे वळला.

एका जीर्ण प्रार्थनामंदिराच्या दुरुस्तीसाठी त्यांनी पेढीवरील कापड परस्पर विकले. पित्याने फिर्याद केली. येथे पित्याचा संताप व्यापारी माणसाला सहज उमगेल. बिशपांनीही ते द्रव्य परत करण्यास सांगितले. कारण हेतू पवित्र असला तरी दुसऱ्याच्या धनावर दान होत नाही. फ्रान्सिस यांनी रक्कम तर परत केलीच, अंगावरील वस्त्रेही पित्यापुढे ठेवली. आधी हिशेब चुकता झाला, मग त्याग घडला.

पुढे कोणीतरी त्यांच्या खडतर दारिद्र्याविषयी विचारले असता त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, संपत्ती बाळगली की तिच्या रक्षणासाठी शस्त्रेही बाळगावी लागतात. अपरिग्रहावाचून अहिंसा टिकत नाही, हे तत्त्व निराळ्या शब्दांत दुसरे काय सांगते?

१२१९ साली धर्मयुद्ध पेटले असताना ते इजिप्तमध्ये सुलतान अल-कामिल यांच्या भेटीस निःशस्त्र गेले आणि सुखरूप परतले. आयुष्याच्या अखेरीस, दृष्टी अधू झालेली असताना, त्यांनी लोकभाषेत स्तोत्र रचले. त्यात सूर्य, वारा व अग्नी बंधू. चंद्र आणि पाणी भगिनी. पृथ्वी भगिनी व माताही आहे. जैन दर्शन पृथ्वीकाय, अप्काय, तेउकाय व वाउकाय यांत प्रत्यक्ष जीव मानते. फ्रान्सिस यांना ती एकाच परमपित्याची लेकरे वाटतात. तत्त्वज्ञान भिन्न आहे, परंतु पाणी जपून वापरणारा हात दोन्हीकडे सारखाच.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत घोषित केले. १९८६ मध्ये असिसीत जागतिक शांतीसाठी सर्वधर्मीय एकत्र आले, तेव्हा जैन प्रार्थनाही तेथे झाली.

महाराष्ट्रातही हा वारसा दिसतो. त्यांचेच नाव धारण करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई चळवळीतून तेथील शेती, झाडे व पाणी यांसाठी संघर्ष केला. २०२० साली मराठवाड्यात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले.

प्रपंच सांभाळणाऱ्यांनी सर्वस्व सोडावे, असा संत फ्रान्सिस यांचा आग्रह नव्हता. त्यांच्या गृहस्थ अनुयायांसाठी स्वतंत्र नियम होते व त्यांत शस्त्र न धरण्याचे बंधन होते. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रतही गृहस्थाला झेपेल एवढेच मागते : किती पुरे, हे स्वतः ठरवावे. नांदेडकरांनी गोदामाईतून पाणी घेताना आणि गल्ल्यावरचा हिशेब मिटवताना हा एक प्रश्न मनाला विचारला, तर या संताला वाहिलेली आदरांजली सार्थ होईल.

जय जिनेंद्र!