शाईची साक्ष
(कार्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा सारांश)



जमिनीच्या किंवा वारसाच्या वादात एखादा जुना कागद पुढे येतो आणि साऱ्या घराचे भवितव्य एका प्रश्नापाशी येऊन ठेपते: त्यावरील तारीख खरी, की मजकूर मागाहून लिहिलेला? शाई याबाबत साक्ष देते. परंतु त्या साक्षीला मर्यादा आहेत, हे आपण जाणून घ्यावयास हवे.

पहिली कसोटी सरळ आहे. जी वस्तू त्या काळी नव्हतीच, ती त्या तारखेच्या लेखात असू शकत नाही. बॉलपेन अमेरिकेच्या बाजारात आले ते १९४५ च्या ऑक्टोबरात. तेव्हा १९३५ च्या दस्तऐवजावर बॉलपेनची सही आढळल्यास ती त्या साली झालेली नाही, हे उघड होय. हिटलरच्या म्हणून १९८३ मध्ये जर्मनीत गाजलेल्या रोजनिशा अशाच परीक्षणात बनावट ठरल्या. महायुद्धानंतर प्रचारात आलेली द्रव्ये त्यांच्या कागदात सापडली.

दुसरी कसोटी रसायनाची. बॉलपेनच्या शाईत बहुधा फिनॉक्सिइथेनॉल हे द्रावक असते. लिहिल्यानंतर ते प्रथम वेगाने व पुढे मंद गतीने उडून जाते. उरलेला अंश गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजता येतो. मात्र सुमारे दोन वर्षांनंतर हा बदल इतका अल्प होतो की, दहा वर्षांची शाई कोणती व वीस वर्षांची कोणती, हे या मार्गाने सांगता येत नाही. शिवाय उष्णता, कागदाची जात आणि साठवण यांनीही हा वेग बदलतो. आपल्या जुन्या दप्तरांतील काजळाच्या शाईत तर असे उडून जाणारे द्रावकच नसते. तेथे ही कसोटी लागू पडत नाही.

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत विचारात घेता येते. निर्णय मात्र न्यायालयाचाच. म्हणून "निश्चित सांगता येत नाही" असे म्हणणारा तज्ज्ञ अपुरा समजू नये. खोट्या खात्रीने एखाद्या निरपराध्याचे घर जाऊ शकते.

आपल्या हाती एवढे निश्चित आहे: पुसट अक्षरांवर पुन्हा लेखणी फिरवू नये, वादग्रस्त कागदावर प्लॅस्टिकचे आवरण चिकटवू नये, तो उन्हात ठेवू नये, आणि त्याच काळातील त्याच हाताचे इतर कागद तुलनेसाठी जपून ठेवावेत. दप्तर नीट राखणे, हीच न्यायाची पहिली सेवा होय.