शेजारचा वणवा आणि चंद्रपूरचे अरण्य

(चंद्रपूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतील मुत्सद्द्यांचा विषय. चंद्रपूरच्या अरण्याशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर एकेकाळी याच जिल्ह्यात असलेल्या चामोर्शी-मुलचेरा परिसरात मिळते. गोंड-माडियांच्या या भूमीत बंगाली बोलणारी गावे वसली आहेत. पूर्व पाकिस्तानातून परागंदा झालेली ही हिंदू कुटुंबे. त्यांत नामशूद्र शेतकरी मोठ्या संख्येने.

एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत करार झाला. अल्पसंख्याकांच्या रक्षणाचे वचन कागदावर उतरले. त्या वचनावर विश्वास नसल्याने डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. त्याच वर्षी पाकिस्तानचे कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल, स्वतः नामशूद्र, राजीनामा देऊन भारतात आले. मंत्र्यालाच जेथे अभय नाही, तेथे खेड्यातील शेतकऱ्याची काय कथा! जानेवारी १९६४ मध्ये खुलना आणि ढाका पेटले. निर्वासितांचा नवा लोंढा आला आणि साठच्या दशकातच या अरण्यात वसाहती उभ्या राहिल्या. करार पाळावयास लावणारे सामर्थ्य पाठीशी नसले, की कराराची किंमत कोठे चुकवावी लागते, हे येथे दिसते. ती निर्वासितांनी चुकवली, तशीच आपल्या भूमीत त्यांना सामावून घेणाऱ्या वनवासींनीही.

१९६२ च्या पराभवाने सामर्थ्याचा धडा दिला. जवळच्या भद्रावतीचा आयुधनिर्माणी कारखाना त्यानंतरच उभा राहिला. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित आले, तेव्हा भारताने घाई केली नाही. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, सैन्याची सिद्धता झाली आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सेना शरण आली. सुमारे ९३ हजार युद्धबंदी हाती आले.

परंतु रणांगणावरील यश राजकारणात टिकले नाही. १९७५ मध्ये मुजीबांची हत्या झाली. १९८८ मध्ये इस्लाम राजधर्म झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना देश सोडून गेल्या आणि हिंदूंची घरे व मंदिरे पुन्हा हल्ल्यांची लक्ष्ये ठरली. एका शासकाच्या मैत्रीवर विसंबलेले धोरण त्या शासकाबरोबरच कोसळते, हा त्याचा बोध होय.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पीडितांसाठी दार उघडले, ते ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. आश्रय देणे हा भारताचा धर्मच आहे. परंतु ते धोरणाचे अर्धेच अंग. ढाक्यात सत्तेवर कोणीही असो, व्यापार, पाणी आणि सीमा यांच्याबरोबरीने तेथील हिंदूंची सुरक्षितता प्रत्येक वाटाघाटीत मांडली गेली पाहिजे. पीडिताला आपले गाव सोडावेच लागू नये, हीच परराष्ट्र धोरणाची खरी कसोटी आहे.