बेटावरची नर्स आणि मागची रसद



निवृत्त फौजी बोलायला उभा राहिला की लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. आज मी बोलणार आहे नर्सबद्दल. दूरच्या बेटावर, एवढ्याशा दवाखान्यात, बहुतेक वेळा एकटीनं काम करणाऱ्या नर्सबद्दल. आणि बोलतोय तंजावरातून. तिची नोकरी टिकवायची कशी, या प्रश्नाचं एक जुनं उत्तर याच गावात, मराठी राजाच्या कारभारात सापडतं. त्याकडे शेवटी येऊ.

आधी बेट. अंदमानच्या दक्षिण टोकाला लिटल अंदमान आहे. त्या बेटावर डुगाँग क्रीक नावाची ओंगी आदिवासींची वस्ती आहे. १९०१ च्या जनगणनेत ओंगी ६७२ होते. २०११ मध्ये १०१. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम लग्नातल्या एका पंगतीएवढी माणसं, आणि तेवढीच त्यांची जगातली एकूण संख्या. तिथे एक बाळंतपण बिघडलं, तर ते फक्त एका घराचं दुःख राहत नाही.

या वस्तीवर शांती तेरेसा लाक्रा नावाच्या नर्सनं काम केलं. त्या एएनएम, म्हणजे आपल्या गावातल्या उपकेंद्रात लस टोचायला येणाऱ्या सिस्टर असतात ना, त्याच दर्जाच्या. ओंगी लोकांची भाषा वेगळी, बाहेरच्या माणसावर विश्वास कमी. सुई बघून घाबरणाऱ्यांना समजावणं, गरोदर बाईला तपासू द्यायला तयार करणं, हे काम एका भेटीत होत नाही. त्यासाठी तिथे राहावं लागतं. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. समुद्राची चाल ओळखून ओंगी उंचावर जंगलात गेले आणि वाचले. लाक्राबाई त्यांच्याबरोबर जंगलात तात्पुरत्या निवाऱ्यात राहिल्या आणि तिथूनच त्यांची देखभाल करत राहिल्या. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता टाळ्या वाजवून आपण घरी जाऊ शकतो. मला तेच नको आहे.

बेटावरच्या नर्सचं काम नेमकं काय, ते जरा बघू. समजा रात्री दोनला एक बाई बाळंत झाली आणि रक्त थांबत नाही. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन हवं. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवावं लागतं, म्हणजे फ्रिज हवा, म्हणजे वीज हवी. वीज गेली असेल तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात, कारण त्यांना थंडावा लागत नाही. पण त्या आधीच मागवून कपाटात ठेवलेल्या हव्यात. साप चावला तर प्रतिविष हवं. भुकटीच्या रूपातलं असेल तर बिनफ्रिजचं टिकतं. आणि सगळ्यात अवघड गोष्ट कुठल्याच बाटलीत नसते. ती म्हणजे निर्णय. रुग्णाला इथेच ठेवायचं की पाठवायचं? समुद्र खवळलाय, बोट निघेल का? हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय येणार नाही, तोवर ही बाई तग धरेल का? शहरातली नर्स हे डॉक्टरांना विचारते. बेटावरची नर्स आधी स्वतःला विचारते.

हा प्रसंग मला ओळखीचा वाटतो. आमच्या उंचावरच्या चौक्यांवर डॉक्टर नसायचा. नर्सिंग असिस्टंट असायचा, वैद्यकीय दलाचा जवान. एखाद्याला धाप लागली, खोकल्यातून फेस यायला लागला, की छातीत पाणी भरतंय हे त्यानंच ओळखायचं. ऑक्सिजन लावायचा, रेडिओवर खालच्या डॉक्टरशी बोलायचं आणि शक्य तितक्या लवकर जवानाला खाली उतरवायचं. ढग असले की हेलिकॉप्टर येत नाही. मग तो जवान आणि हा नर्सिंग असिस्टंट, दोघंच.

पण इथे एक फरक आहे, आणि माझं आजचं सगळं बोलणं त्या फरकावर आहे. चौकीवरच्या त्या मुलाच्या मागे अख्खी यंत्रणा असायची. शिधा यायचा. औषधांची पेटी ठराविक दिवसांनी मोजली जायची. रेडिओच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी जागं असायचं. आणि त्याची बदली कधी येणार, हे त्याला ठाऊक असायचं. चौकी शौर्यावर एक रात्र टिकते. वर्षभर टिकते ती रसदीवर.

बेटावरच्या नर्सला आपण शौर्यावर वर्षभर टिकायला सांगतो.

हे फक्त अंदमानचं नाही. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेकाठी सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि डोंगरातले कितीतरी पाडे जवळपास बेटंच झाले. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीनं तिथल्या आया मुलांना घेऊन अंगणवाडीत येईनाशा झाल्या. तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जाऊ लागल्या. बाळांची वजनं, गरोदर बायकांची चौकशी, पोषण आहार, सगळं होडीतून. वर्तमानपत्रांनी त्यांचं भरपूर कौतुक केलं, आणि ते योग्यच होतं. पण त्या बातमीतली एक ओळ मला बोचली. होडी मासेमाराकडून मागून घेतलेली होती. बातमी धैर्याची होती, आणि त्या ओळीत रसद नसल्याची नोंद होती.

आणि माणूस जागेवर असला तरी धोका संपत नाही, हेही सांगतो. डिसेंबर २००८ मध्ये त्याच डुगाँग क्रीकला समुद्रातून वाहून आलेल्या डब्यातलं द्रव दारू समजून ओंगी पुरुष प्यायले. आठ जण गेले. शंभरातले आठ. अशा जागी विषबाधेवर काय करायचं याची तयारी, पाठवणीची सोय आणि आधीपासूनची समज, हे सगळं एकट्या नर्सच्या खांद्यावर मावत नाही.

आता तंजावर. तुम्ही इथला राजवाडा बघता, सरस्वती महाल बघता. दुसऱ्या सरफोजीराजांना वैद्यकाची किती आवड होती, हे तिथे कळतं. त्यांच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी, चित्रांसकट, अजून जपलेल्या आहेत. पण मला त्यांची छत्रं जास्त महत्त्वाची वाटतात. आपण अन्नछत्र म्हणतो ना, तोच शब्द. उत्तरेतून रामेश्वरला जाणारे यात्रेकरू याच मुलखातून जायचे. रामेश्वर हे बेट. पांबनचा पहिला रेल्वे पूल १९१४ चा, त्याआधी होडीनंच पलीकडे जायचं. त्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्यानं छत्रं बांधली होती.

१७९९ च्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. १८०१ मध्ये सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं, की छत्रांच्या उत्पन्नाला हात लावू नका. त्यात छत्रांत काय काय होतं, ते सांगितलं आहे. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचं अन्न, तो बरा होईपर्यंत. वैद्य ठेवलेले, सापाच्या विषावर उपचार जाणणारेही. तान्ह्यांना दूध. आणि वाटेत बाळंत झालेल्या बाईचा सगळा खर्च छत्राचा, शिवाय बाळंतपणानंतर तीन महिने राहायची मुभा.

तीन महिने! बाळंतीण दुसऱ्या दिवशी उठून रामेश्वरची वाट धरू शकत नाही, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवलं होतं. आणि राज्य गेलेला राजा भांडला कशासाठी, तर छत्रांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नासाठी. वैद्याचा चांगुलपणा गृहीत धरून भागत नाही, त्याच्या पगाराची सोय आधी लागते, हे त्यांना कळत होतं. पुढच्याच वर्षी, १८०२ मध्ये, तंजावरजवळ ओरतनाडूला मुक्तांबाळ छत्र उभं राहिलं. पत्र लिहून ते थांबले नाहीत.

दोनशे वर्षांपूर्वीचं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. तेव्हा लस नुकतीच कुठे आली होती, प्रतिविष नव्हतं. पण हिशोब बरोबर होता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. दूरच्या दवाखान्यात नर्स पाठवताना चार गोष्टी आधी पाठवा. राहायला धड घर, पाणी आणि संडास असलेलं. रात्री फोन किंवा रेडिओ उचलणारा एक डॉक्टर, नावानिशी ठरवून दिलेला. तिच्या दवाखान्याच्या नावावर असलेली होडी, इंधनासकट. आणि बदलीची तारीख, जी पाळली जाईल. तिला मूल असेल, आईवडील म्हातारे असतील. परतीची तारीख ठाऊक असलेलं माणूस हसत राहतं. नसलेलं माणूस एक तर खचतं, नाही तर निघून जातं, आणि मग दवाखान्याला कुलूप लागतं.

तुमच्यापैकी कुणी जिल्हा परिषदेत असाल, कुणी ट्रस्ट चालवत असाल, कुणाची मुलगी नर्सिंग शिकत असेल. पुढच्या वेळी अशा नर्सचा सत्कार ठेवलात, तर शाल-श्रीफळ जरूर द्या. पण माईक तिच्या हातात देऊन विचारा, की बाई, तुमच्याकडे काय कमी आहे? ती सांगेल ते लिहून घ्या. आणि त्यातली एक तरी वस्तू पुढच्या बोटीनं पाठवा.